क्लास न लावता एमबीए प्रवेश परीक्षेच्या गणिताचा सराव कसा करावा? पुस्तकातली गणितं सुटतात, मॉकमध्ये (सराव परीक्षेत) मार्क पडत नाहीत

तुम्ही लिहिलंय की निपाणीजवळ राहता, बी.कॉम.चं शेवटचं वर्ष आहे, शाळा मराठी माध्यमाची आणि क्लाससाठी रोज बेळगाव गाठणं जमत नाही. क्लासवाचून अडत नाही. अडचण सरावाच्या पद्धतीत आहे.

पुस्तकात धड्याचं नाव वर छापलेलं असतं, म्हणून कुठली रीत लावायची हे गणित वाचायच्या आधीच कळलेलं असतं. परीक्षेत नेमकं तेच ओळखायचं असतं आणि त्याचाच सराव झालेला नसतो. धड्यातली 30-40 गणितं झाली की तो धडा बाजूला ठेवा. त्यानंतर चार-पाच धड्यांतली 20 गणितं मिसळून, घड्याळ लावून 40 मिनिटांत सोडवा. सुरुवातीला मार्क घसरतील. घसरू द्यात.

सुरुवात गुणोत्तर आणि शेकडेवारीपासूनच करा. नफा-तोटा, व्याज, काळ-काम, वेग, मिश्रण हे सगळं त्यांच्यावरच उभं आहे. 1/2 पासून 1/15 पर्यंतच्या अपूर्णांकांची शेकडेवारी तोंडपाठ हवी: 1/7 म्हणजे 14.29, 1/8 म्हणजे 12.5, 1/12 म्हणजे 8.33. का, ते बघा. तांदूळ 20 टक्के महागला, खर्च तेवढाच ठेवायचा, तर वापर किती कमी करावा? घाईत उत्तर 20 येतं. भाव 5 चा 6 झाला, म्हणून वापर 6 चा 5 झाला पाहिजे. म्हणजे 1/6 कमी, 16.67 टक्के. क्ष मानायची गरजच पडत नाही.

वेगाच्या गणितातही तेच. निपाणीहून बेळगावला ताशी 60 किमीने गेलात, ताशी 40 ने परतलात, तर सरासरी 50 नाही, 48. अंतर सारखं असलं तरी कमी वेगात वेळ जास्त जातो; वेळेचं गुणोत्तर 2:3, म्हणून (60×2 + 40×3) ÷ 5. मिश्रणात 40 लिटर दुधातून 4 लिटर काढून तेवढंच पाणी ओतलं आणि असं एकूण तीनदा केलं, तर दूध 28 लिटर उरत नाही. दर वेळी असलेल्या दुधाचे 9/10 उरतात: 36, 32.4, 29.16. दुसऱ्या खेपेला काढलेल्या 4 लिटरमध्ये पाणीही असतं, हे ज्याला दिसलं त्याला सूत्र पाठ करावं लागत नाही.

यानंतर बीजगणित, मग संख्या आणि भूमिती. क्रमचय-संचय शेवटी घेतलं तरी चालेल.

आता सगळ्यात मोलाची गोष्ट: चुकांची वही. चुकलेल्या प्रत्येक गणितापुढे कारण लिहा. प्रश्न चुकीचा वाचला, रीत सुचली नाही, आकडेमोड चुकली, की हे गणित हातात घ्यायलाच नको होतं? शेवटचं कारण बहुतेकजण लिहीत नाहीत, आणि माझ्या मते मॉकमधले सर्वाधिक मार्क तिथेच जातात. उत्तराचं पान लगेच उघडू नका, आधी दहा मिनिटं झगडा. दुसऱ्याची रीत वाचून ‘कळलं’ वाटतं, पण कोऱ्या कागदावर ती उमटत नाही. तेच गणित तीन दिवसांनी आणि पुन्हा पंधरा दिवसांनी, वहीत न बघता सोडवा.

कुठली परीक्षा देणार त्यावर घड्याळ बदलतं. कॅटमध्ये (आयआयएमच्या प्रवेश परीक्षेत) 2021 पासून गणिताचे 22 प्रश्न आणि 40 मिनिटं आहेत; बरोबर उत्तराला 3, चुकलेल्या पर्यायाला उणे 1. चार पर्यायांत डोळे झाकून ठोकलं तर सरासरी फायदा शून्य. एक पर्याय खात्रीने बाद झाला तर थोडा फायदा आहे. उत्तर टाइप करायच्या प्रश्नांना उणे गुण नाहीत, ते कोरे सोडू नका. पहिल्या फेरीत सगळे प्रश्न वाचा, वाट दिसली तेवढेच सोडवा. दोन मिनिटांत हालचाल नसेल तर पुढे जा. स्क्रीनवर कॅल्क्युलेटर असतो, पण माउसने आकडे दाबण्यात वेळ जातो, सरावात तो टाळा. महाराष्ट्राच्या सीईटीत सगळे विषय मिळून 150 मिनिटांत 200 प्रश्न, म्हणजे एकाला 45 सेकंद. उणे गुण नाहीत, म्हणून एकही रिकामा सोडायचा नाही. कर्नाटकच्या पीजीसीईटीत सगळे विषय मिळून 2 तासांत 100 प्रश्न, तिथेही उणे गुण नाहीत. (महाराष्ट्राच्या प्रवेश नियमांत सीमाभागातल्या मराठी भाषिकांसाठी वेगळा उमेदवारी प्रकार आहे. त्याच्या अटी माहितीपुस्तिकेत वाचा आणि कागदपत्रं वेळेत काढून ठेवा.)

मराठी माध्यमाची भीती बाळगू नका, गणिताचा पाया तिथेही तोच शिकवतात. फक्त प्रश्न इंग्रजीत असतात, म्हणून रोज पाच शाब्दिक गणितं न सोडवता नुसती वाचा आणि काय दिलंय, काय विचारलंय एवढंच दोन ओळींत लिहा. बसमध्येही होण्यासारखं काम आहे.