एसएआर लिहायला बसताना सुरुवात निकष ३ पासून करा

मॅडम, विभागाच्या एनबीएचं (अभियांत्रिकी अभ्यासक्रमांना मानांकन देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाचं) काम अचानक तुमच्याकडे आलंय, एसएआर, म्हणजे त्यासाठीचा स्वयंमूल्यांकन अहवाल, कुठून लिहायला घ्यायचा आणि मागच्या दोन वर्षांच्या फायली अर्धवट आहेत त्यांचं काय, असं तुम्ही विचारलंय. मी नाशिकमधल्याच, पुणे विद्यापीठाशी संलग्न कॉलेजात दोनदा हे काम केलंय.

व्हिजन-मिशनच्या शब्दांवर आठवडे घालवू नका. आम्ही टिअर-२ चा (विद्यापीठाशी संलग्न, स्वायत्त नसलेल्या कॉलेजांसाठीचा) १००० गुणांचा जुना नमुना भरला, त्यात व्हिजन-मिशनच्या पहिल्या निकषाला ६० गुण होते आणि प्राध्यापकांच्या पाचव्या निकषाला २००. नव्या नमुन्यात मांडणी बदललीय, तुम्हाला कुठला लागू आहे ते आधी बघा. नेमणूकपत्रं, पीएचडीच्या तारखा, तीन वर्षांची विद्यार्थीसंख्या ऑफिसकडे आजच मागून ठेवा.

खरं काम निकष ३ चं, म्हणजे सीओ-पीओचं. सीओ म्हणजे एका विषयातून विद्यार्थ्याला काय यायला हवं, पीओ म्हणजे पदवी संपताना काय यायला हवं. एकच विषय घ्या आणि तो शेवटपर्यंत न्या. आपल्या विद्यापीठाच्या २०१९ पॅटर्नमध्ये (अभ्यासक्रमात) इनसेम, म्हणजे सत्राच्या मधली परीक्षा, ३० गुणांची, पहिल्या दोन युनिटांवर. एन्डसेम, म्हणजे सत्राअखेरची, ७० गुणांची, उरलेल्या चारांवर. हातात येतात फक्त एकूण गुण, प्रश्नवार नाही. मग या चार युनिटांच्या सीओ ३ ते ६ ची अटेनमेंट (सीओ किती साध्य झाला त्याचं माप) एकसारखीच निघते आणि कुठल्या युनिटला मुलं अडली ते कळतच नाही. ते कळतं आपल्या युनिट टेस्टमधून, म्हणून तिथले प्रश्नवार गुण जपा.

पहिल्या वेळी आमच्या अटेनमेंटच्या तक्त्यात सगळीकडे ३, म्हणजे सर्वांत वरची पातळी, होते. भेटीला आलेल्या तज्ज्ञांनी गठ्ठ्यातून टेस्टची एक उत्तरपत्रिका काढली आणि प्रश्न २ वर बोट ठेवून विचारलं, ‘हा कुठला सीओ मोजतो?’ सीओ म्हणत होता ‘डिझाइन करता येईल’, आणि प्रश्न होता टीप लिहा. आमच्यापैकी कुणाकडेच उत्तर नव्हतं. दुसऱ्या वेळी आम्ही प्रत्येक प्रश्नपत्रिका छापायच्या आधी दोघांनी बसून तपासली.

आता फायलींचं. मागच्या तारखा टाकून मीटिंगची मिनिट्स तयार करू नका, कुणीही सांगितलं तरी. एक तर ते खोटं आहे, आणि समिती विद्यार्थ्यांशी, माजी विद्यार्थ्यांशी वेगळं बोलते, तिथे ते उघडं पडतं. त्यापेक्षा रेकॉर्ड रूममधल्या जुन्या उत्तरपत्रिका, निकालाची लेजर्स, प्रॅक्टिकलच्या हजेऱ्या काढा. त्यावरून आज काढलेली अटेनमेंट आजच्याच तारखेने लावा. एखादा सीओ १ वर आला तर १ च लिहा, आणि त्यासाठी या सत्रात काय करताय ते खाली लिहा. सतत सुधारणेचा निकष याच नोंदींवर उभा राहतो.

पीईओसाठी (पदवीनंतर काही वर्षांत विद्यार्थी कुठवर पोचावेत याची उद्दिष्टं) माजी विद्यार्थ्यांना नुसता गूगल फॉर्म पाठवू नका. अंबड-सातपूरच्या कारखान्यांत आपली किती मुलं आहेत! एका शनिवारी दोघी-तिघी जाऊन भेटा, ‘कामावर लागल्यावर पहिले सहा महिने काय येत नव्हतं?’ एवढंच विचारा आणि ते सांगतील तसं, त्यांच्याच शब्दांत टिपून घ्या.