डॉक्टरांचे ‘अनैतिक’ वर्तन म्हणजे नेमके काय?

प्रश्न असा आहे : ‘अनएथिकल’ला मराठीत ‘अनैतिक’ म्हणावे का, आणि ‘बेकायदा’शी त्याचे नाते काय? सोबत उदाहरण दिले आहे ते डॉक्टरांच्या कट प्रॅक्टिसचे, म्हणजे रुग्ण पाठवल्याबद्दल कमिशन घेण्याचे.

इथे ‘अनैतिक’ लिहू नये. व्याकरणात काही खोट नाही. ‘नीती’वरून ‘नैतिक’ आणि त्याचा नकार. पण ‘अनैतिक संबंध’ या जोडीत राहून राहून शब्दाला तोच वास लागला आहे. ‘डॉक्टरांचे अनैतिक वर्तन’ असा मथळा वाचून वाचक भलतीच बातमी शोधेल आणि आत निघेल लॅबकडून घेतलेले कमिशन.

दोष केवळ वर्तमानपत्रांचा नाही. भारतीय करार अधिनियम, 1872 च्या कलम 23 प्रमाणे न्यायालयाला अनैतिक वाटणाऱ्या उद्देशाचा करार टिकत नाही. घेरुलाल पारख खटल्यात (1959) प्रश्न आला तो हापूरच्या बाजारात गव्हाच्या भावावर सट्टा खेळण्यासाठी केलेल्या भागीदारीचा. सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, या कलमातल्या ‘अनैतिक’ची व्याप्ती आजवरच्या निवाड्यांनी लैंगिक अनीतीपुरतीच ठेवली आहे, सट्टा त्यात बसत नाही. म्हणजे कोर्टातही शब्द आक्रसलेलाच.

याच निकालात आणखी एक भेद आहे. पैजेचा करार कलम 30 नुसार ‘शून्य’ असतो, म्हणजे जिंकलेले पैसे दावा लावून वसूल करता येत नाहीत. पण शून्य म्हणजे बेकायदा नव्हे, म्हणून त्यासाठी केलेली भागीदारी टिकली. (जुन्या मुंबई इलाख्यात मात्र 1865 च्या कायद्याने पैजेला पूरक करारही शून्य ठरवले होते.) ‘शून्य’ऐवजी ‘रद्दबातल’ लिहिण्याची सवय आहे, ती चुकीची. रद्द व्हायला आधी काहीतरी वैध असावे लागते.

‘बेकायदा’ आणि ‘गुन्हा’ यांतही असेच अंतर आहे. विवाहबाह्य संबंधाबद्दलचे भारतीय दंड संहितेचे कलम 497 सर्वोच्च न्यायालयाने 27 सप्टेंबर 2018 रोजी घटनाबाह्य ठरवले, तेव्हा ‘व्यभिचाराला कायद्याची मान्यता’ अशी वाक्ये दिसली. मान्यता कुठली? तो गुन्हा राहिला नाही, एवढेच. हिंदू विवाह कायद्यात घटस्फोटाचे कारण म्हणून तो आजही आहे.

निवडणुकीत उलटी गफलत होते. ‘आचारसंहितेचा भंग केल्याबद्दल गुन्हा दाखल’ असे सर्रास छापून येते. आदर्श आचारसंहिता हा मुळी कायदाच नाही. गुन्हा नोंदला जातो तो लोकप्रतिनिधित्व अधिनियम, 1951 किंवा फौजदारी संहितेच्या एखाद्या कलमाखाली. उदाहरणार्थ सरकारी आदेशाच्या अवज्ञेचे भारतीय दंड संहितेतले जुने कलम 188, जे 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेत 223 झाले. बातमीत ते कलम लिहावे.

आता कट प्रॅक्टिस. रुग्ण पाठवल्याबद्दल कमिशन घ्यायला वैद्यकीय व्यवसायाच्या 2002 च्या विनियमांनी मनाई केली आहे. तक्रार जाते राज्याच्या वैद्यक परिषदेकडे आणि परिषद नोंदवहीतून डॉक्टरचे नाव काही काळापुरते किंवा कायमचे काढू शकते; तुरुंगात धाडू शकत नाही. अशा ठिकाणी मराठीत ‘व्यावसायिक गैरवर्तन’ हा रुळलेला शब्द आहे. वकिलांनाही तोच लागू होतो : अधिवक्ता अधिनियम, 1961 चे कलम 35, शिक्षा ताकीद, निलंबन किंवा सनद जाणे. बोलीच्या जवळचे हवे असेल तर ‘पेशाला न शोभणारे’ म्हणा. ‘व्यवसायनीतीचा भंग’ही चालेल, थोडे जड आहे इतकेच.

गंमत म्हणजे ‘अ’ नसलेला ‘नैतिक’ अजून ऐसपैस आहे. 1956 मध्ये अरियलूरच्या रेल्वे अपघातानंतर लालबहादूर शास्त्रींनी नैतिक जबाबदारी स्वीकारून मंत्रिपद सोडले, या वाक्यात कुणाला भलता अर्थ लागत नाही.

आणि लिहिताना : सुटा शब्द ‘नीती’, दोन्ही दीर्घ, समासात व ‘मत्ता’सारख्या संस्कृत प्रत्ययापूर्वी ‘ति’ ऱ्हस्व, म्हणून नीतिशास्त्र, नीतिमत्ता. ‘नितीमत्ता’ दोन्हीकडून चुकते.