आधी पाणी, मग प्रश्न

चि. मुलीस, अनेक आशीर्वाद.

तुझ्या सहावीच्या वर्गातल्या त्या मुलाबद्दल लिहिलंस ते वाचलं. कंपास भिंतीवर आपटला, बाकाखाली जाऊन बसला, आणि तू ‘का केलंस?’ म्हणून विचारत राहिलीस तसा आणखीच बिथरला. बिथरणारच की! छाती धडधडतेय, मुठी आवळल्यात, अशा वेळी ‘का’चं उत्तर मोठ्या माणसालाही देता येत नाही. पहिली दहा मिनिटं प्रश्न नकोतच.

आधी वर्गाची नजर त्याच्यावरून काढ. सगळे टक लावून बघत असताना कुणाचा राग उतरलाय? बाकीच्यांना शुद्धलेखनाला बसव. तो व्हरांड्यात आला तर उत्तम, नाहीतर तिथंच हातभर अंतर ठेवून खाली बस. उभी राहून वाकलीस की अंगावर आल्यासारखी वाटतेस. दंड धरून ओढू नकोस. पाण्याची बाटली त्याच्या हाताशी ठेव आणि स्वतः सावकाश श्वास सोडत राहा. श्वास सोडायला जास्त वेळ घेतला की हृदयाचे ठोके मंदावतात, आणि शेजारी बसलेलं मूल नकळत तुझ्यासारखं करू लागतं. ‘रडू नको’ म्हणू नकोस. ‘खूप राग आलाय ना, मी इथंच आहे’ एवढं पुरे.

तो सोलापूरच्या पूर्व भागातला, घरी तेलुगू बोलणारा. ये, बस, पाणी पी एवढं तरी तेलुगूत शिकून घे. रडताना आईची भाषा कानावर पडली की मूल लवकर सावरतं. शिवाय यंत्रमागाच्या खडखडाटात वाढलेली मुलं मोठ्यानंच बोलतात, त्याला उद्धटपणा समजू नकोस. नळाला पाणी काही दिवसांआड येतं. रात्री घागरी भरून आलेलं मूल दुसऱ्या तासाला चिडचिडं असतं. हे सगळं विचारायचं, पण दुपारी, तो डबा खाऊन शांत झाल्यावर.

बाकावर उभं करणं, सगळ्यांसमोर लाजवणं यातलं काही करू नकोस. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 नं मारणं आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई आहे. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचनही देऊ नकोस. कुणी त्याच्याशी वाईट वागत असल्याचं निघालं, तर मुख्याध्यापकांना सांगावं लागेल, 1098 या मुलांसाठीच्या मदत क्रमांकाला फोन करावा लागेल. लैंगिक अत्याचार असेल तर 2012 च्या पॉक्सो कायद्यानं पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे.

आईला शाळेत बोलावणं धाडलंस म्हणतेस, ते थांबव. ती विड्या वळते, मजुरी हजार विड्यांमागे मिळते. दुपारी शाळेत आली की तेवढी मजुरी बुडाली. त्याचा राग घरी पोरावरच निघायचा. आपणच संध्याकाळी जावं. रविवारी जाणार असशील तर फोन कर, मी अशोक चौकात येऊन थांबते.

तुझी,
बाई