बिनडोक घोडेस्वार की मुंडकं नसलेला?

पंचवटीतल्या एका ताईंनी विचारलं आहे : "भाचीबरोबर लपलेल्या वस्तू शोधायचा एक भुताटकीचा गेम खेळते आहे. 'स्लीपी हॉलो'च्या गोष्टीवरचा, सगळा इंग्रजीत. मी तिला मराठीत सांगत जाते. 'हेडलेस हॉर्समन'ला 'बिनडोक घोडेस्वार' म्हटलं, तर ती हसतच सुटली आणि भीती पळाली. मग म्हणायचं काय?"

ताई, भाचीचा कान तयार आहे. 'बिनडोक' हा शब्द मराठीने केव्हाच अक्कल नसलेल्याला देऊन टाकला आहे, तो आता भुताला मिळायचा नाही. आपल्याकडे डोकं म्हणजे बहुतेक वेळा बुद्धी : डोकं चालव, डोक्यात शिरत नाही, डोकेबाज. तलवारीने उडतं ते मुंडकं. म्हणून खेळता खेळता सांगायला 'मुंडकं नसलेला घोडेस्वार' सगळ्यात चांगलं. 'शिरविहीन' कागदावर शोभेल, पण दिवे मालवून पोराला गोष्ट सांगताना तो तोंडात येत नाही.

मात्र मूळ कथेत एक गंमत आहे. वॉशिंग्टन अर्व्हिंगची ही कथा १८२०ची. तिच्यातलं भूत एका हेसियन, म्हणजे इंग्रजांच्या बाजूने लढणाऱ्या भाडोत्री जर्मन सैनिकाचं. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात तोफेच्या गोळ्याने त्याचं मुंडकं उडालेलं. इकबॉड क्रेन या मास्तरला रात्री जो स्वार भेटतो, त्याच्या खांद्यावर काही नसतं, पण मुंडकं खोगिरावर पुढ्यात ठेवलेलं असतं. पुढे तेच तो मास्तरवर फेकतो. (सकाळी तिथे मास्तरची टोपी आणि फुटलेला भोपळा सापडतो!) तेव्हा गेममध्ये स्वाराजवळ मुंडकं दिसत असेल तर 'नसलेला' म्हणू नका, 'मुंडकं तुटलेला' म्हणा.

आणि आता माझा सर्वांत आवडता शब्द : कबंध. तुम्ही तर पंचवटीत राहता. सीताहरण तिथलं, जटायू पडला तो टाकेदला असं आपण मानतो, आणि रामायणात त्याच्या पाठोपाठ राम-लक्ष्मणांना भेटतो तो कबंध राक्षस. इंद्राच्या वज्राने त्याचं डोकं धडातच दाबलं गेलेलं, तोंड पोटावर, हात योजनभर लांब. कबंध म्हणजे मुळात मुंडकं नसलेलं धड. जुन्या युद्धवर्णनांत रणांगणावर कबंधं उठून नाचतात, ती हीच. इतका भयाण आणि इतका आपला शब्द हाताशी असताना गेमचं नाव मराठीत करायचं झालं, तर मी डोळे मिटून 'कबंधस्वार' ठेवेन.

नुसतं 'धड'ही कमी नाही. १६६५ साली पुरंदरावर पडलेल्या मुरारबाजींबद्दल लोक आजही सांगतात, मुंडकं उडालं तरी धड लढत होतं. त्या वाक्यात वेगळ्या विशेषणाची गरजच पडत नाही.

'रुंड' मात्र टाळा. संस्कृतात त्याचा अर्थ धड, पण शंकराच्या गळ्यातली रुंडमाळा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे मुंडकीच येतात. भाचीचा नसता घोटाळा होईल.

तेव्हा आधी तिला कबंधाची गोष्ट सांगा. ती मनात बसली की गेममध्ये घोड्याच्या टापा वाजल्यावर 'कबंध आला' एवढं म्हटलं तरी पुरे.