जिगसॉनं घरी प्लाय कापताना काय सांभाळायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कोल्हापुरात राजारामपुरीत फ्लॅटमध्ये राहता, यंदा घरच्या गणपतीची महिरप १२ मिलिमीटर प्लायमधून स्वतः कापायची आहे, त्यासाठी हातात धरायचं इलेक्ट्रिक जिगसॉ मशीन, म्हणजे वरखाली होणाऱ्या पात्याची छोटी करवत, आणलंय, आजवर फक्त ड्रिल चालवलंय आणि आता पातं लावून बसल्यावर भीती वाटतेय. शेवटी विचारलंय, १० वर्षांच्या मुलाला मदतीला घेऊ का.

मी शिवाजी उद्यमनगरात पॅटर्न मेकर आहे. फौंड्रीत जो भाग ओतायचा असतो, त्याचा लाकडी नमुना आधी आम्ही करतो, मग त्यावरून रेतीत साचा पडतो. २३ वर्षं जिगसॉ रोज हाताखाली आहे. म्हणून लांबलचक लिहितोय, पण त्यातली एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा: जिगसॉमध्ये धोका प्लायच्या खाली असतो. नवा माणूस वर दिसणाऱ्या पात्याकडे बघून घाबरतो आणि तिथून बोटं लांब ठेवतो. खालच्या बाजूला जे पातं बाहेर आलेलं असतं, ते त्याला दिसत नाही, म्हणून त्याची आठवणही राहत नाही.

या मशीनचा जन्मच मुळी शिवणयंत्रातून झालाय. १९४६ साली स्वित्झर्लंडमध्ये आल्बर्ट काउफमान नावाच्या अभियंत्यानं बायकोच्या शिवणयंत्राची सुई काढून तिथं करवतीचं पातं लावून बघितलं, असं सांगतात. त्यातूनच पुढं हातात धरायचं मशीन आलं. घरी शिवणयंत्र असेल तर त्याच्याकडं एकदा नीट बघा. सुई वरखाली होते, पण ती एका जागी असते आणि तिच्या खाली लोखंडी पाट असतो. त्या पाटाच्या खालून सुईपर्यंत बोट जायला वाटच नाही. जिगसॉमध्ये तो खालचा पाट नाही. पातं फक्त वरच्या टोकाला पकडलेलं, खालचं टोक मोकळं, आणि तेच मोकळं टोक मिनिटाला जास्तीत जास्त ३,००० च्या आसपास वेळा वरखाली होत तुमच्या प्लायखालून फिरत असतं.

मी १९ वर्षांचा होतो तेव्हाची गोष्ट. एका स्टुलावर प्लायचा तुकडा ठेवला होता, अर्धा बाहेर. उजव्या हातात मशीन आणि डाव्या हातानं तुकडा धरलेला, म्हणजे अंगठा वर आणि चार बोटं खाली वळलेली. परात उचलताना धरतो ना, तशी. नजर पेन्सिलीच्या रेषेवर. रेष वळली तसं मशीन वळलं आणि मधल्या बोटाला काहीतरी आपटल्यासारखं वाटलं. दुखलं नंतर. तीन टाके पडले, नख आजही वाकडं वाढतं. बोट राहिलं, ते केवळ मी हात लगेच सोडला म्हणून.

आमचे मिस्त्री ओरडले नाहीत. आठवड्यानं कामावर आलो तेव्हा त्यांनी सॉकेटमधून पिन काढलेलं मशीन तुकड्याच्या कडेला टेकवायला लावलं आणि म्हणाले, "खाली किती हाय, मोज." मी पट्टी लावली. साधारण २ इंच होतं. पुढं वर्षभर प्रत्येक कापाआधी ते हाच प्रश्न विचारायचे आणि मला आकडा सांगावा लागायचा. आता माझ्याकडं शिकणाऱ्या पोरांना मी तेच विचारतो. तुम्हीही पहिले काही दिवस असंच करा. पिन काढून मशीन प्लायच्या कडेला टेकवा, खाली वाकून बघा, किती पातं बाहेर आहे ते मोठ्यानं म्हणा.

या मोजण्याचे दोन उपयोग. पातं निदान १ इंच तरी खाली दिसलं पाहिजे. घरगुती मशीनचं पातं एका फेऱ्यात साधारण १८ ते २० मिलिमीटर वरखाली होतं. खाली पुरेसं पातं नसेल तर वर जाताना टोक प्लायच्या आत शिरतं आणि परत येताना बाहेर पडण्याऐवजी लाकडालाच धडकतं. मशीन उसळतं, पातं वाकतं किंवा तुटतं. दुसरा उपयोग म्हणजे खाली किती जागा मोकळी हवी हे कळतं. मी सांगेन, ३ इंच मोकळे ठेवा. त्या ३ इंचांत हात, मांडी, स्टुलाची पट्टी, वायर, काहीच नको.

आणि पायही नको. आपल्याकडं सुतार फळी जमिनीवर घेतो, एका पायानं दाबतो आणि करवत मारतो. पिढ्यान्‌पिढ्या तसंच चालत आलंय आणि हातकरवतीला ते जमतं, कारण तिची गती तुमच्या दंडात असते. तुम्ही थांबलात की ती थांबते. जिगसॉला ती बैठक घेऊ नका. फरशीवर प्लाय ठेवून, खाली दोन विटा सरकवून, पायानं दाबून कापणारे मी पाहिलेत. मला ते बघवत नाही.

फ्लॅटमध्ये सुताराची घोडी, म्हणजे फळी ठेवायचा लाकडी स्टँड, कुठून आणणार, असं तुम्ही म्हणाल. दोन सारख्या उंचीची मजबूत स्टुलं किंवा जुनं टेबल चालेल. प्लाय टेबलाच्या कडेबाहेर काढा आणि दोन सी-क्लॅम्पनं, म्हणजे स्क्रूनं आवळायच्या सी आकाराच्या पकडींनी, घट्ट आवळा. एका क्लॅम्पवर प्लाय फिरतो. क्लॅम्पचे पैसे वाचवू नका. मशीन थोडं स्वस्तातलं घेतलं तरी चालतं, पण क्लॅम्प नसेल तर डावा हात आपोआप प्लायखाली जातो. मला नेमकं तेच झालं होतं. क्लॅम्प लागला की डावा हात मोकळा होतो आणि दोन्ही हात मशीनवर ठेवता येतात. कापून पडणाऱ्या तुकड्यालाही खालून आधार द्या, नाहीतर तो लोंबकळतो आणि फट मिटून पातं आवळलं जातं.

आता पात्याविषयी. दुकानात "लाकडाचं पातं द्या" एवढंच म्हटलं तर जे हाताला लागेल ते देतात. बहुतेक मशीनला, पकडीत जाणारं टोक टी आकाराचं असलेलं पातं बसतं. तुमच्या मशीनची पकड आधी बघून जा. सरळ आणि स्वच्छ कापाला टी १०१ बी मागा. महिरपीच्या वळणांना अरुंद पातं लागतं, ते टी ११९ बीओ. टी १४४ डी भराभर कापतं, पण त्याचे दात मोठे, प्लायची कड फाटते. पातं बदलताना पिन सॉकेटमधून बाहेर हवी. नुसतं बटण बंद असून भागत नाही. आणि नुकतंच कापून थांबलेलं पातं चांगलंच तापलेलं असतं, दोन मिनिटं थांबा.

साध्या पात्याचे दात वर तोंड करून असतात, म्हणजे ते वर येताना कापतं. त्यामुळं दोन गोष्टी होतात. वरच्या बाजूचा पापुद्रा उचकटतो, म्हणून प्लायची चांगली बाजू खाली ठेवून मागच्या बाजूवर आखणी करा. महिरप उलटी येणार हे आखताना ध्यानात असू द्या. आणि वर येणारं पातं प्लायलाही वर ओढतं. मशीनची बेस प्लेट, म्हणजे खालची सपाट पट्टी, प्लायवर दाबून धरली असेल तर दोघं एकमेकांना चिकटून राहतात. प्लेट एका बाजूनं जरी उचलली तरी खडखडाट सुरू होतो. तो आवाज आला की पुढं ढकलू नका, बटण सोडा.

पातं लाकडाला न टेकवता मशीन चालू करा, पूर्ण वेग येऊ द्या, मग पुढं सरका. कापून झालं की बटण सोडा आणि पातं पूर्ण थांबल्यावरच मशीन उचला. नवीन माणूस इथं हमखास घाई करतो. चालत्या पात्यासकट मशीन उचललं की टोक प्लायवर नाचतं. मशीन जितक्या वेगानं स्वतः जाईल तितकंच जाऊ द्या. जोर लावावा लागत असेल तर पातं बोथट झालंय, बदला.

महिरपीची आतली वळणं एका दमात घेऊ नका. वळणापर्यंत बाहेरून दोनचार सरळ काप आधी देऊन ठेवा, म्हणजे वाया जाणारा भाग तुकड्या-तुकड्यानं गळत जातो आणि पात्याला वळायला जागा मिळते. जाळी कापायची असेल तर आधी ड्रिलनं १० मिलिमीटरचं भोक पाडा आणि त्यात पातं घाला. मशीन तिरकं टेकवून थेट प्लायमध्ये घुसवायचा प्रकार इंटरनेटवर दिसेल, तो सध्या करू नका. मशीनच्या बाजूला ० ते ३ असा खटका असेल तर वळणाला ० ठेवा. त्यापुढं पातं पुढंमागंही हलतं, काप लवकर होतो पण खडबडीत.

मूठीच्या बाजूला एक छोटं लॉक बटण असतं, ते दाबलं की मशीन आपोआप चालू राहतं. त्याला तुम्ही हात लावू नका. आपल्याकडं लाइट जाते हे धरून चाला. लॉक लावलेलं असताना लाइट गेली, तुम्ही मशीन टेबलावर ठेवून बाल्कनीत गेलात आणि अर्ध्या तासानं लाइट आली, तर मशीन एकटंच सुरू होईल. लाइट गेली की पहिल्यांदा पिन काढायची, मग बाकीचं. पिन लावण्याआधीही बटण मोकळं आहे ना, ते बोटानं चाचपून बघा.

वायर खांद्यावरून मागं टाका, म्हणजे ती कधीच पात्यापुढं येत नाही. महिरपीचं काम श्रावणातच निघतं आणि कोल्हापुरात तेव्हा पावसाचा नेम नसतो. बाल्कनीत फरशी ओली असेल तर काम आत घ्या. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे शॉक बसताच वीज तोडणारा स्विच, बसवलेला असेल तर उत्तम, नसेल तर वायरमनला विचारून बसवून घ्या. तो मशीनपुरताच नाही, घरातल्या सगळ्यांसाठी लागतो.

कपड्यांचं एका ओळीत: ओढणी, लोंबती बाही, हातातला गंडा, कडं, अंगठी, सगळं काढून ठेवा आणि कापताना सुती हातमोजे घालू नका, त्यांचे धागे पात्यात जातात. डोळ्यांना बाजूनं बंद असलेला गॉगल हवा. नंबरचा चष्मा त्याची जागा घेत नाही. तुटलेल्या पात्याचा तुकडा कुठं उडेल याचा भरवसा नसतो.

भुशाकडं आपल्या धंद्यात कुणी लक्ष दिलं नाही, आणि त्याचं मला वाईट वाटतं. माझ्या आधीच्या पिढीतली बरीच माणसं संध्याकाळी खोकत घरी जायची आणि त्याला सर्दी म्हणायची. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं लाकडाचा भुसा माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातलाय. एक महिरप कापून काही होणार नाही, पण प्लाय आणि एमडीएफमध्ये (लाकडाचा लगदा दाबून केलेल्या बोर्डमध्ये) चिकटवायचं रसायनही असतं, तेव्हा एन९५ मास्क लावा आणि बाल्कनीचं दार उघडं, घरातलं बंद ठेवा. तोंडाला बांधलेला रुमाल पुरत नाही. नंतर झाडू मारू नका, ओल्या फडक्यानं पुसा.

जुन्या पेटीचं किंवा पाडलेल्या वाड्याचं लाकूड वापरायचा विचार असेल तर त्यात खिळे असतात. जुन्या स्पीकरचं लोहचुंबक त्यावरून फिरवा. खिळा सापडला तर काढा, नाहीतर तो भाग सोडून द्या. थर्माकोलवर २०१८ मध्ये बंदी आल्यापासून पुष्कळ लोक पहिल्यांदाच लाकडाकडं वळलेत, मला त्याचा आनंद आहे. पण थर्माकोल कापताना हाताला लागलेली सवय, एका हातानं धरून दुसऱ्यानं कापायची, ती इथं चालत नाही.

महिरपीला हात घालण्याआधी टिंबर मार्केटमध्ये प्लायच्या दुकानातून उरलेले तुकडे मागा. १२ मिलिमीटरचेच घ्या. त्यावर दोन संध्याकाळी रेष आखून सरळ काप, मग अर्धगोल, मग वाटी ठेवून आखलेला पूर्ण गोल कापा. तिसऱ्या दिवशी मशीनचा आवाज ओळखीचा वाटू लागेल.

राहिला मुलाचा प्रश्न. त्याला जरूर घ्या, पण मशीन चालू असताना तो खोलीत नको. लांब उभा राहतो म्हणेल, आणि मधेच काहीतरी दाखवायला तुमच्या खांद्याला हात लावेल. आखणी त्याला करू द्या, कागदावर अर्धी महिरप काढून घडी घालून कापली की दोन्ही बाजू सारख्या येतात, ते त्याला शिकवा. प्रत्येक कापाआधी "खाली किती?" हा प्रश्न त्यानं दारातून विचारायचा आणि तुम्ही मोजून आकडा सांगायचा, मग त्यानं दार लावून घ्यायचं. कापून झालं, पिन निघाली, भुसा पुसला की त्याला आत बोलवा आणि हातात १२० नंबरचा पॉलिश पेपर द्या. महिरपीच्या कडा घासायला पोरांचीच बोटं बरी, ती आतल्या वळणात नीट जातात.