यूपीएसची यूएसबी केबल माझ्या डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) सर्व्हरला लावली आहे. त्याच यूपीएसवर राउटर आणि एक नॅस (नेटवर्कवरून फाइली साठवायची पेटी) आहे. लाईट गेल्यावर सर्व्हर आपोआप नीट बंद होईल का? आणि घरच्या इन्व्हर्टरवर हे जमेल का?

नुसत्या केबलने नाही. केबल फक्त माहिती आणते. ती वाचून निर्णय घेणारं सॉफ्टवेअर सर्व्हरवर लागतं. तुमचा सर्व्हर डेबियनचा आहे आणि त्याच यूपीएसवर राउटर आणि एक नॅसही आहे, तेव्हा एनयूटी (नेटवर्क यूपीएस टूल्स) हे सॉफ्टवेअर टाका. एपीसी कंपनीचा यूपीएस असेल तर एपीसीयूपीएसडी हे दुसरं सॉफ्टवेअर बसवायला सोपं पडतं, पण पुढेमागे दुसऱ्या कंपनीचा यूपीएस आणला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

आधी केबल बघा. पुष्कळ यूपीएसला मागे लॅनसारखी दोन सॉकेटं असतात. ती फक्त लॅनच्या वायरीतून येणाऱ्या सर्जपासून (अचानक वाढलेल्या व्होल्टेजपासून) संरक्षण देतात, देखरेखीशी त्यांचा संबंध नाही. एपीसीच्या काही मॉडेल्सना डेटा पोर्टही लॅनसारखाच दिसतो, पण त्यात दहा पिना असतात. तिथे खोक्यात आलेलीच केबल चालते.

एनयूटीचे तीन भाग आहेत: ड्रायव्हर यूपीएसशी बोलतो, यूपीएसडी ती माहिती पुरवतो आणि यूपीएसमॉन लक्ष ठेवून वेळ आली की मशीन बंद करतो. नावाजलेल्या कंपन्यांच्या यूपीएसला बहुधा 'यूएसबीएचआयडी-यूपीएस' हा ड्रायव्हर लागू पडतो, स्वस्तातल्या बऱ्याच यूपीएसना 'एनयूटीडीआरव्ही-क्यूएक्स'. परवानगी नाही अशी एरर आली तर केबल काढून पुन्हा लावा, बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं. मग 'यूपीएससी' कमांडने स्थिती बघा: ओएल म्हणजे लाईट आहे, ओबी म्हणजे बॅटरीवर, एलबी म्हणजे बॅटरी संपत आली.

ओबी आणि एलबी दोन्ही एकदम दिसले की यूपीएसमॉन सर्व्हर बंद करायला घेतो. मूळ सेटिंग हेच आहे आणि माझा त्यावर भरवसा नाही. आतली लेड-अ‍ॅसिड बॅटरी आपल्याकडच्या उन्हाळ्यात दोन-तीन वर्षांत थकते. मग चार्जचा आकडा ऐंशी टक्के दाखवत असतानाच यूपीएस धाडकन बंद पडतो. स्वस्त यूपीएस तर चार्ज मोजतच नाहीत, एनयूटी व्होल्टेजवरून अंदाज बांधतं. म्हणून एनयूटीच्याच 'यूपीएसशेड' या वेळ मोजणाऱ्या भागात टायमर लावा: सलग तीन मिनिटं बॅटरीवर असेल तर टक्के काहीही असोत, सर्व्हर बंद. मिनिटभर लाईट जाऊन आली तर काहीच होणार नाही.

नॅसलाही निरोप मिळायला हवा. त्यासाठी एनयूटी 'नेटसर्व्हर' मोडमध्ये ठेवा. यूपीएसडी ३४९३ पोर्टवर असतो, पण मुळात फक्त स्वतःच्याच मशीनचं ऐकतो, त्यामुळे लॅनचा पत्ता वेगळा लिहावा लागतो. मध्ये स्विच असेल तर तोही यूपीएसवरच हवा, नाहीतर लाईट जाताक्षणी निरोप्याच गायब. नॅसला बंद व्हायला वेळ लागत असेल तर सर्व्हरवरचं 'फायनलडिले' (बंद होण्याआधी थांबायचा वेळ) वाढवा, ते मुळात पाचच सेकंद असतं.

आता खरी गोम. बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंग्जमध्ये) 'वीज परतल्यावर चालू हो' हे सेटिंग सगळे करतात. पण सर्व्हर बंद होत असतानाच लाईट आली तर? यूपीएसने पुरवठा तोडलेलाच नसतो, त्यामुळे बायोसच्या लेखी वीज कधी गेलीच नाही, आणि सर्व्हर सकाळपर्यंत बंद. यावर उपाय म्हणजे एनयूटीचं 'पॉवरडाउनफ्लॅग' हे सेटिंग. बंद होण्याच्या अगदी शेवटी एनयूटी यूपीएसला पुरवठा तोडायला सांगतं आणि लाईट असेल तर यूपीएस थोड्या वेळाने तो पुन्हा जोडतो. काही स्वस्त यूपीएस तोडतात, पण परत जोडत नाहीत. तुमचा कसा वागतो ते करूनच बघावं लागेल.

चाचणीसाठी पिन उपसू नका, बोर्डावरचं बटण बंद करा म्हणजे अर्थिंग जोडलेलं राहील. एकदा पूर्ण बंद होऊ द्या. दुसऱ्यांदा सर्व्हर बंद व्हायला लागला की लगेच बटण चालू करा.

आता शेवटचा प्रश्न, घरच्या इन्व्हर्टरवर हे जमेल का. साध्या इन्व्हर्टरला डेटा पोर्टच नसतो. तिथे जुना राउटर इन्व्हर्टरवर नसलेल्या पॉइंटवर लावा, म्हणजे लाईट गेली की तो बंद पडेल, आणि लॅनच्या वायरीने नेटवर्कला जोडा. सर्व्हरवरून दर मिनिटाला त्याला पिंग करा (चालू आहे का ते विचारा) आणि सलग पाच वेळा उत्तर आलं नाही तर सर्व्हर बंद करणारी स्क्रिप्ट क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या सोयीत) टाका. तो राउटर स्वतःच बिघडला तरी सर्व्हर बंद पडेल, म्हणून शक्य असेल तर अशी दोन उपकरणं ठेवा आणि दोन्ही गप्प झाली तरच बंद करा.