फॉरमॅट मारायच्या आधी

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला आणि तेव्हापासून आपल्याकडं जुन्या लॅपटॉपवर लिनक्स (विंडोजच्या जागी चालणारी मोफत सिस्टिम, मिंट आणि उबुंटू ही तिचीच रूपं) टाकणाऱ्यांची पत्रं लई वाढल्यात. चांगलंच आहे. पण निम्म्या पत्रात एक वाक्य ठरलेलं, ‘सगळे म्हणतात फॉरमॅट मारा’. कमांड इथं देवनागरीत छापलेल्या आहेत, तुम्ही टाकताना इंग्रजी कीबोर्डवरच टाका.

प्रश्न : बाबांच्या जुन्या लॅपटॉपवर मी लिनक्स मिंट टाकलं, दोन महिने मस्त चाललं. परवापासून वायफाय जोडलेलं दिसतंय, काड्या पण फुल, पण ब्राउझरमध्ये एक पान उघडंना. त्याच वायफायवर मोबाईल झकास चालतोय. आतेभाऊ म्हणतोय उडव ते मिंट, परत विंडोज टाक. काय करू? (राजारामपुरी)

उत्तर : भावा, आधी मोबाईलचा डेटा बंद कर आणि मग बघ मोबाईल चालतोय का. वायफायला नेट नसलं की बरेच मोबाईल गुपचूप सिमच्या डेटावर जातात आणि आपण बसतो लॅपटॉपला शिव्या देत. हे मी स्वतः भोगलंय, एका रविवारी अख्खी दुपार मिंटची सेटिंगं उचकटत बसलो होतो आणि लाईनच बाहेरून बंद होती.

डेटा बंद करूनही मोबाईल चालतोय? मग लॅपटॉपवर ये. टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी, उघड आणि ‘आयपी’, स्पेस, ‘आर’ एवढंच टाक. पहिल्या ओळीत ‘डिफॉल्ट व्हाया’ असं लिहून पुढं एक नंबर येईल, बहुतेक १९२.१६८.१.१ नाहीतर तसलाच काहीतरी. तो तुझ्या राऊटरचा पत्ता. आता ‘पिंग’, स्पेस आणि तो नंबर टाक. ओळी पडायला लागल्या, शेवटी मिलिसेकंद दिसायला लागले, म्हणजे लॅपटॉप आणि राऊटरचं बोलणं नीट चालू आहे. विंडोजवर पिंग चारदा होऊन आपोआप थांबतं, लिनक्सवर ते थांबत नाही, चालूच राहतं, त्यामुळं घाबरू नको, कंट्रोल आणि सी दाबलं की बंद. इथंच उत्तर आलं नाही तर वायफाय एकदा ‘फर्गेट’ करून पासवर्ड परत टाक, पुढचं वाचायची गरजच नाही.

राऊटर बोलला तर पुढची पायरी, ‘पिंग’ आणि ८.८.८.८. हा गूगलचा सर्व्हर आहे, घराबाहेरचा. तोही बोलला की शेवटी नंबराऐवजी नाव टाक, विकिपीडिया डॉट ऑर्ग. माझा अंदाज आहे तुझं घोडं इथंच पेंड खातंय आणि स्क्रीनवर ‘टेम्पररी फेल्युअर इन नेम रिझोल्यूशन’ असं येतंय. म्हणजे डीएनएस. साइटच्या नावाचा नंबर शोधून द्यायचं काम डीएनएसचं. रिक्षा चालू आहे, रस्ता मोकळा आहे, पण पत्ता सांगणारा कोपऱ्यावरचा पानपट्टीवाला दुकान बंद करून गेलाय, एवढीच गोष्ट.

उपाय दोन मिनिटांचा. राऊटर बंद करून अर्ध्या मिनिटानं चालू कर, कित्येकदा तेवढ्यानं भागतं. नाहीच भागलं तर नेटवर्क सेटिंगमध्ये तुझ्या वायफायच्या नावासमोरच्या चक्रावर क्लिक कर, आयपीव्ही४ मध्ये जा, डीएनएस समोरचं ‘ऑटोमॅटिक’ बंद कर आणि १.१.१.१ आणि ८.८.८.८ असे दोन पत्ते भर. आणि आता लोक हमखास विसरतात ते, सेव्ह केल्यावर वायफाय एकदा तोडून परत जोड, नाहीतर जुनीच सेटिंग चालू राहते आणि तू म्हणशील ह्यांनी सांगितलेलं काय चाललं नाही. आतेभावाला चहा पाज आणि पाठवून दे.

प्रश्न : एकाच कॉम्प्युटरवर विंडोज आणि उबुंटू दोन्ही आहेत. उबुंटूतून विंडोजमध्ये गेलं की घड्याळ मागं गेलेलं असतं. मदरबोर्डची बॅटरी गेली म्हणून दुकानातून दोनदा बदलून आणली, पैसे गेले, घड्याळ तसंच. (शाहूपुरी, निवृत्त शिक्षिका)

उत्तर : बाई, किती मागं जातं ते तुम्ही लिहिलं नाही, पण पैज लावतो, बरोबर साडेपाच तास. बॅटरी बिचारीचा काही दोष नाही. ती गेली की घड्याळ कुठंही भरकटतं, साल पण चुकतं. नेमका साडेपाच तासांचा फरक म्हणजे दोन सिस्टिमांचं एकमेकींशी पटत नाहीये.

मदरबोर्डवर एक घड्याळ असतं, कॉम्प्युटर बंद असताना चालणारं. उबुंटू त्यात जागतिक वेळ लिहून ठेवतं आणि दाखवताना त्यात आपले साडेपाच तास मिळवतं. विंडोज तीच वेळ भारतातली समजून जशीच्या तशी दाखवतं. रात्री साडेआठला तुम्ही उबुंटू बंद केलंत तर आत तीन वाजलेले असतात आणि विंडोज म्हणतं दुपारचे तीन! मग विंडोजनं वेळ दुरुस्त केली की उलटी गंमत, उबुंटू सुरुवातीला पहाटेचे दोन दाखवतं.

उबुंटूच्या टर्मिनलमध्ये ‘टाइमडेटसीटीएल’, स्पेस, ‘सेट-लोकल-आरटीसी’, स्पेस, १ असं टाका, अक्षरं सगळी लहान, मधे साध्या डॅश. मग विंडोजमध्ये जाऊन वेळ एकदा नीट करा, झालं. पुढं कधी वेळ बघताना उबुंटू ह्याबद्दल इशारा देईल, तो मुख्यतः उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढं ढकलणाऱ्या देशांसाठी आहे, आपल्याकडं ती भानगड नाही. परत पहिल्यासारखं करायचं तर १ च्या जागी ०.

प्रश्न : पावसात लाईट गेली, आली, परत गेली. आता कॉम्प्युटर चालू केला की काळी स्क्रीन आणि ‘इनिटरॅमएफएस’ असं कंसात लिहून येतंय. दुकानात फॉरमॅट सांगितलंय, पोरांचे फोटो आहेत सगळे. (कसबा बावडा)

उत्तर : दादा, फॉरमॅट अजिबात करू नका, फोटो बहुतेक जिथल्या तिथं आहेत. डिस्कवर लिहिणं चालू असताना वीज गेली, हिशोबाची वही अर्धी राहिली, आणि सिस्टिम म्हणतेय आधी वही तपासा मग पुढं जाऊ. तिथंच ‘एक्झिट’ टाइप करून एंटर मारा, वर एक ओळ येईल ज्यात ‘मॅन्युअल एफएससीके’सारखं काहीतरी आणि डिस्कचं नाव असेल, ‘स्लॅश डेव्ह स्लॅश एसडीए२’ असलं. तुमच्या स्क्रीनवर जे नाव आहे तेच कागदावर उतरवा, माझं नका वापरू. मग एफ, एस, सी, के ही चार अक्षरं सलग, स्पेस, डॅश वाय, स्पेस आणि ते नाव. भराभर ओळी पळतील, पळू द्या, मधे बंद करू नका. संपलं की परत ‘एक्झिट’.

चालू झाल्या झाल्या पहिलं काम, फोटो पेन ड्राइव्हवर घ्या. आणि लाईट न जाताही हीच स्क्रीन परत आली तर डिस्कच म्हातारी झाली असं समजा.

प्रश्न : जुना वाडा आहे, दगडी भिंती. राऊटर सोप्यात, कॉम्प्युटर मागल्या खोलीत. मिंटमध्ये वायफाय वाढवायची काही सेटिंग आहे का? (मंगळवार पेठ)

उत्तर : दगडाला सेटिंग नसते हो. वायफायच्या ५ गिगाहर्ट्झ पट्ट्यावर असाल तर २.४ च्या पट्ट्यावर जा, वेग कमी मिळेल पण भिंतीतून जरा बरं पोचतं. नाहीतर राऊटरपासून सरळ नेटची केबल ओढा, १०० मीटरपर्यंत चालते, तुमचा वाडा काय तेवढा लांब नसणार.